डोंगराची फेरी

माझ्या माहेरच्या गावामागे, कन्नड तालुक्यातल्या अजिंठा डोंगररांगेच्या एका सोंडेवर, जेमतेम तीन किलोमीटरची एक वाट आहे. मारुतीच्या पारापासून ती निघते, पाझर तलावाच्या सांडव्याला वळसा घालून घळीत शिरते, घळीतून पठारावरच्या महादेवापर्यंत चढते आणि पलीकडच्या उताराने खाली येऊन पुन्हा त्याच पाराला मिळते. श्रावणी सोमवारी गावातल्या बायका ही फेरी अनवाणी घालतात. फेरी उजवीच घालायची, म्हणजे घळीने चढायचे आणि सोंडेने उतरायचे, असा दंडक आहे. आईच्या पदराला धरून चालताना लागलेली ती सवय मला आजही मोडता येत नाही, आणि एरवी एकटी गेले तरी मी घळीनेच चढते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये, होळी होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा, हा डोंगर जळला. त्यानंतर मी ही फेरी सहा वेळा घातली. आताची कार्तिकातली सहावी, आणि मध्ये दोन पावसाळे गेले.

वणवा कसा लागला हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याच भावकीतल्या एका रानात, कापसाची शेवटची वेचणी झाल्यावर उपटलेली पऱ्हाटी बांधावर रचून पेटवली होती. दुपारी वारा सुटला आणि ठिणग्या बांधापलीकडच्या वाळक्या गवतात पडल्या. उन्हाळ्यात दिवसा तापलेल्या उतारावर वारा खालून वर वाहतो, शिवाय चढावर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकलेल्या असतात, त्यामुळे पुढचे गवत पेटण्याआधीच त्यांच्या आचेने भाजून तयार होते. चढ दहा अंशांनी वाढला की वणव्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आग विझवणारे लोक धरतात. आमच्या तात्यांनी वणव्याच्या हंगामात वनखात्याकडे रोजंदारीवर अनेक वर्षे काम केले आहे. त्यांना हा ठोकताळा कोणी शिकवलेला नाही, पण त्यांनी त्या दिवसाचे वर्णन केले ते असे : ‘‘तंबाखू मळून व्हायना, तंवर जाळ महादेवापाशी गेल्ता, ताई.’’ रात्री वारा पडल्यावर तो सावकाश पलीकडच्या उताराने खाली सरकला, आणि गावातल्या पंधरा-वीस जणांनी कडुनिंबाच्या आणि करंजाच्या हिरव्या डहाळ्यांनी झोडपून पहाटेपर्यंत तो विझवला.

मी दुसऱ्या दिवशी संभाजीनगरहून पोचले. त्या पहिल्या फेरीतले मला दृश्यापेक्षा आवाजच जास्त आठवतात, कारण एरवी पाचोळ्यावर पाऊल पडले की होणारा चुरचुर आवाज तिथे नव्हता, आणि राखेवर चालताना पाऊल वाजतच नाही, हे मला तेव्हा कळले. घळीच्या तोंडाशी काळ्या राखेत शेकडो पांढरे ठिपके पसरलेले होते. वाकून पाहिले तर ते गोगलगायींचे शंख होते. उन्हाळा काढण्यासाठी पाचोळ्याखाली तोंड मिटून बसलेल्या त्या गोगलगायी आहेत तिथेच भाजल्या होत्या, आणि एरवी मातीच्या रंगात मिसळून जाणारी त्यांची घरे चुन्यासारखी पांढरी होऊन पहिल्यांदाच डोळ्यांना दिसत होती. एवढ्या गोगलगायी या डोंगरावर राहतात, याची मला चाळीस वर्षांत कल्पना आली नव्हती. कोतवाल पक्षी तेवढे जळक्या फांद्यांवर बसून, धुमसत्या राखेतून उडणारे किडे टिपत होते.

यानंतर मी जे केले त्याचा मला अजूनही सल आहे. भावकीतल्या माणसाच्या हातून डोंगर जळला, तेव्हा तो पुन्हा उभा करणे हे आपलेच काम, अशा भावनेने मी आणि गावातल्या काही तरुणांनी जूनमध्ये वृक्षारोपण करायचे ठरवले. करंज, कडुनिंब आणि गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) यांची तीनशे रोपे आणली, घळीच्या वरच्या उतारावर दीड-दीड फुटाचे खड्डे घेतले, आणि रोपांना मोकळी हवा मिळावी म्हणून खड्ड्यांभोवती जमिनीतून वर येऊ लागलेले तांबूस कोंब विळ्याने कापून टाकले. तात्या त्या दिवशी खालीच बसून होते. संध्याकाळी त्यांनी एवढेच विचारले, ‘‘मुळी जित्ती होती ना ती? मग कापली कामून?’’ मला तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. ते कोंब टेंभुर्णीचे, पळसाचे आणि धावड्याचे होते, आणि आम्ही ज्या मुळ्या कुदळीने तोडून बाहेर फेकल्या त्या जळलेल्या जंगलाच्या शिल्लक राहिलेल्या शरीराचा भाग होत्या. पुढच्या मेमध्ये मी मोजली तेव्हा तीनशेपैकी एकवीस रोपे जिवंत होती. ती आजही आहेत, आणि त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

या वेळी घळीत शिरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि दव इतके होते की गुडघ्यापर्यंत साडी भिजली. वीस महिन्यांपूर्वी जिथे काळे सोट उभे होते तिथे आता सागाचे फुटवे माझ्या डोक्याच्या वर गेले आहेत. मोठ्या झाडाला येत नाहीत एवढी प्रचंड पाने या फुटव्यांना येतात, कारण वरचा पसारा लहान आणि त्याला पोसणारी मुळी मात्र तीस-चाळीस वर्षांची असते. मुळीत साठवलेले सगळे अन्न त्या चार-पाच दांड्यांच्या वाट्याला येते. कोवळे पान चुरगाळले की हाताला लाल रंग लागतो. लहानपणी आम्ही तो मेंदी म्हणून लावत असू, आणि परवाही मी तसे केले.

साग, पळस, धावडा, टेंभुर्णी, सीताफळ यांच्या अंगी हे बळ कुठून येते, याचा विचार करताना मला त्यांचे जमिनीखालचे आयुष्य जास्त खरे वाटू लागले आहे. आपल्याकडच्या शुष्क पानगळीच्या रानात वणवा बहुधा जमिनीलगत धावतो. तो पाचोळा आणि गवत खातो, शेंड्यांवरून उड्या मारत जात नाही. गवताचा जाळ एका जागी फार थांबत नाही, आणि माती उष्णतेची वाईट वाहक असल्यामुळे वर सगळे भाजून निघाले तरी दोन-तीन इंच खाली मुळीला त्याची फारशी झळ लागत नाही. झाडाच्या सालीखाली जो जिवंत पातळ थर असतो, ज्यातून खोड दरवर्षी वाढते, तो साधारण ६० अंश सेल्सिअसला मरतो. साल जाड असेल तर आच तिथपर्यंत पोचेपर्यंत जाळ पुढे निघून गेलेला असतो. म्हणून पळसाचा जुना, भेगाळलेला बुंधा बाहेरून कोळसा झालेला दिसतो आणि आत ओला असतो. वणव्यानंतरच्या फाल्गुनात घळीतल्या दोन पळसांना फुले आली, ती मी पाहिली. एका बाजूने काळ्या असलेल्या फांदीवर ती केशरी फुले पाहताना मी बराच वेळ तिथेच बसून राहिले होते.

अंजनाची गोष्ट आणखी वेगळी. त्याचे रोप पहिल्या वर्षी वर बोट-दोन बोटे दिसते आणि खाली त्याचे सोटमूळ हातभर खोल गेलेले असते. वरचा शेंडा उन्हाने, गुरांनी किंवा जाळाने गेला तरी मूळ तसेच राहते, आणि पुढच्या पावसात पुन्हा एक शेंडा वर पाठवते. आपण ज्याला या वर्षीचे रोप समजतो, ते पुष्कळदा दहा वर्षांचे असते.

तरी वणव्याने काही नेले नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. घळीतून वर चढताना डाव्या हाताला एक जुना बेहडा होता, पोटात ढोली असलेला. ढोलीत साठलेला पाचोळा पेटला आणि चुलीच्या धुराड्यासारखी आच खोडातून वर ओढली गेली. भोवतीची साधी, सरळ झाडे वाचली आणि तो दोन दिवस आतून जळत राहून तिसऱ्या दिवशी कोसळला. आडवा पडल्यावरही तो आठवडाभर धुमसत होता. आज त्या जागी बेहड्याचे लाकूड नाही, पण जमिनीवर त्याच्या खोडाची आणि दोन फांद्यांची आकृती स्पष्ट उमटलेली आहे, विटेसारख्या लाल, भाजलेल्या मातीची. चहूबाजूंनी गवत कमरेएवढे वाढले असताना त्या आकृतीत अजून काडी उगवलेली नाही, कारण तिथे आच तासन्‌तास एका जागी बसून होती आणि मातीतले बी, बुरशी, मुळ्या सगळेच मेले. वणवा आधी म्हातारी झाडे नेतो आणि तान्ही रोपे नेतो. ढोली असलेले झाड जंगलात एकच असले तरी घुबडाला, पोपटाला, साळुंकीला ते हवे असते, आणि तशी ढोली तयार व्हायला माणसाच्या दोन पिढ्या लागतात. सागाच्या फुटव्यांचा हिरवेपणा पाहून हरखलेल्या माणसाला मी मुद्दाम त्या लाल आकृतीपाशी नेते.

घाणेरीनेही फुटवे धरले आहेत, आणि तिची मला काळजी वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आलेली ही अमेरिकन वनस्पती जळाल्यावर बुडातून दुप्पट जोमाने उठते, आणि बुलबुल तिची फळे खाऊन तिचे बी मोकळ्या झालेल्या जागेत टाकत राहतात. घळीच्या मधल्या टप्प्यात तिची जाळी झाली आहे. उपटायची असेल तर ही घाणेरी उपटावी.

घळ संपली की पठार लागते. वर महादेवाची पिंड, एक चिरेबंदी ओटा आणि बाकी सगळे गवत. कार्तिकात इथे उभे राहावे. पवन्या आणि शेडा पिवळा पडू लागलेला असतो, आणि मध्येमध्ये कुसळीचे तांबूस पट्टे वाऱ्याबरोबर एका बाजूला झुकतात. आपण कुसळीला शिव्या देतो, कारण तिची कुसळे साडीच्या काठात, पायमोज्यात आणि मेंढीच्या लोकरीत शिरतात, पण वणव्याच्या दृष्टीने पाहिले तर तिच्याइतकी तयारीची वनस्पती या पठारावर दुसरी नाही. तिच्या बीला तीक्ष्ण टोक असते आणि मागे लांब, पीळ दिलेला केस असतो. दव पडले की तो पीळ सुटतो, ऊन चढले की पुन्हा बसतो. या सुटण्या-बसण्यात केस गोल फिरतो आणि बी गिरमिटासारखे मातीत शिरते. टोकाजवळची आखूड लव मागे वळलेली असल्यामुळे शिरलेले बी परत बाहेर येत नाही. फाल्गुनात जाळ येईपर्यंत ते मातीखाली बोटभर जाऊन बसलेले असते. म्हणून दरवर्षी जळणाऱ्या माळावर बाकीची गवते मागे पडतात आणि कुसळीच वरचढ होते. एखाद्या माळावर नुसती कुसळीच दिसली, तर तिथे वारंवार आग लागत असावी, असा अंदाज जाणते लोक करतात.

‘जाळले की गवत चांगले येते’ हा समज आमच्याकडे खोल रुजलेला आहे. राखेत पालाश आणि चुना असतो, त्यामुळे पहिल्या पावसानंतर जळलेला उतार इतरांहून आधी आणि जास्त हिरवा दिसतो, आणि जनावरे तिकडेच ओढ घेतात, हे खरे आहे. परंतु नत्र जाळाबरोबर हवेत निघून गेलेले असते, आणि उघड्या उतारावरची राख व तिच्याबरोबर वरची पोत असलेली माती मृगाचा पहिला जोरकस पाऊस खाली तलावात नेऊन टाकतो. आमच्या पाझर तलावाचे पाणी त्या जूनमध्ये शाईसारखे काळे झाले होते. खाली काळा बेसाल्ट, त्यावर मुरूम आणि त्यावर वीतभर माती, एवढीच या डोंगराची पुंजी आहे, आणि ती दरसाल खर्च करण्याइतकी मोठी नाही.

महादेवाच्या ओट्यापाशी वहिनी भेटल्या. विळा, दोरी आणि अर्धा बांधलेला भारा शेजारी होता. वणव्यानंतर गावाने पठारावर आणि घळीत तीन पावसाळ्यांसाठी चराईबंदी केली, कारण कोवळ्या फुटव्यांना शेळीइतका शत्रू नाही. मुळीने साठवलेले अन्न खर्चून काढलेला कोंब शेळीने खाल्ला की ती दुसरा काढते, तोही गेला की तिसरा, आणि असे चालत राहिले तर ज्या मुळीला जाळ मारू शकला नाही ती उपासाने मरते. हे सगळे पटण्यासारखे आहे. पण या बंदीची किंमत कोण देतो, हे वहिनींकडे पाहिल्यावर कळते. त्यांच्या घरी जमीन नाही, अकरा शेळ्या आहेत. पूर्वी शेळ्या स्वतः चरून येत, आता वहिनी रोज दीड तास गवत कापून डोक्यावर भारा घेऊन उतरतात. मी विचारले की तुम्हाला हा निर्णय चुकीचा वाटतो का. त्या म्हणाल्या, ‘‘चुकीचा कशाला? डोंगर राह्यला तं शेळ्या राहतेन. पण हा भारा कुणी मोजला का, ते सांगा.’’ मला सांगता आले नाही. त्यांनी कापून नेलेला प्रत्येक भारा म्हणजे मार्चमध्ये न पेटणारे तेवढे गवत आहे. वणव्यापासून डोंगर राखण्याचे सर्वांत खात्रीचे काम आमच्या गावात आज त्या आणि त्यांच्यासारख्या चार बायका करत आहेत, आणि त्या कामाला मजुरी नाही. ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे, आणि तो मार्गी लागेपर्यंत मांडत राहणार आहे.

पठाराच्या कडेवरून उत्तरेला पाहिले की गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या रांगा दिसतात. १९८६ मध्ये जाहीर झालेले हे सुमारे २६० चौरस किलोमीटरचे जंगल मराठवाड्याच्या दृष्टीने मोठेच म्हणायचे; आमच्याच विभागातल्या लातूर जिल्ह्यात एकूण क्षेत्राच्या एक टक्काही जंगल नाही. मार्च २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालून गौताळ्यात पोचला आणि कॅमेऱ्यात टिपला गेला. कित्येक दशकांनी इथे वाघ आला होता. तो काही अभयारण्यांतूनच चालत आला नव्हता. दिवसा लपायला आणि रात्री पुढे सरकायला त्याला आमच्यासारख्याच कुठल्या कुठल्या गावांमागचे डोंगर, घळी, ओढ्याकाठची झुडपे लागली असणार. तो महिना वणव्यांचा होता, आणि त्याच्या वाटेवरचा एखादा डोंगर आमच्यासारखा काळा झालेला असता तर त्याने काय केले असते, हा विचार त्या कडेवर उभी राहिले की दर वेळी माझ्या मनात येतो.

सोंडेवरून उतरणारी वाट जाळरेषेला समांतर जाते. जाळरेषा म्हणजे गवत काढून, जाळून मोकळा ठेवलेला पट्टा, ज्याच्यापाशी वणव्याला खायला काही उरत नाही. थंडी सरताना तो पट्टा साफ करायचा असतो. ज्या वर्षी डोंगर जळला त्या वर्षी तो वेळेवर साफ झाला नव्हता. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या नोंदींवरून वणव्याच्या सूचना राज्यांना पाठवते, आणि आज त्या मोबाइलवर येतात. एका उपग्रहाच्या नोंदीतला एक ठिपका जमिनीवरच्या ३७५ मीटरच्या चौकोनाएवढा असतो. त्या हिशोबाने आमची सगळी फेरी मूठभर ठिपक्यांत मावते. सूचना उपयोगी आहेच, पण उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत आमचा जाळ महादेवापाशी पोचलेला होता. तात्यांचे म्हणणे असे की पऱ्हाटी पेटवायची असेल तर सकाळी, वारा नसताना, चार माणसे आणि पाण्याची टिपाडे घेऊन पेटवावी, आणि खरे तर पेटवूच नये, बारीक करून रानातच गाडावी. यंदा भावकीतल्या त्या घराने तसे केले. तेवढ्यासाठी यंत्र भाड्याने आणायला पाच घरांनी मिळून पैसे घातले.

उतारावर सीताफळांची झुडपे आहेत. वणव्यात ती बुडापर्यंत जळाली होती. आता प्रत्येक बुडातून सात-आठ छड्या वर आल्या आहेत, आणि या वर्षी त्यांना पहिल्यांदा फळे धरली होती. हंगाम संपल्यामुळे बहुतेक पक्ष्यांनी आणि पोरांनी खाल्लेली दिसली, एका छडीवर मात्र डोळे पांढरे झालेले एक लहानसे फळ पानाआड राहिले होते. ते मी काढले नाही. त्याच्या खाली, आम्ही खणलेल्या एका खड्ड्याच्या कडेला, टेंभुर्णीचा एक कोंब वर आला होता. मी विळ्याने कापलेल्यांपैकीच तो एक असावा. कापलेल्या जागी त्याला गाठ आली होती आणि गाठीच्या बाजूने दोन दांड्या निघाल्या होत्या.

पारापाशी पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते. तात्या हापशाजवळच्या दगडावर बसून नातवाची वाट पाहत होते. मी त्यांच्या शेजारी बसून साडीच्या काठातली कुसळे काढू लागले, आणि काढलेली कुसळे उंबऱ्यापाशी टाकू नयेत म्हणून तळहातावर गोळा करत गेले. तात्यांनी हापशाचा दांडा एकदा खाली दाबला आणि ओंजळीतले चार थेंब माझ्या तळहातावर सोडले. क्षणभर काही झाले नाही. मग एका कुसळाचा केस हलला, सावकाश, घड्याळाच्या काट्यासारखा अर्धा वेढा फिरला, त्याला बघून दुसरा फिरावा तसा दुसराही फिरला, आणि बीचे टोक माझ्या तळहाताच्या रेषेत जागा शोधू लागले.